टाकीत कोण उतरणार?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सूतगिरणीची संडासाची टाकी तुंबली. रातपाळी होती. रिंग फ्रेमवर आम्ही सगळे सारखे. तुटलेली तार सांधताना कुणी कुणाची जात विचारत नाही. कापसाची भुकटी सगळ्यांच्याच छातीत जाते, सगळेच खोकतात. पण टाकी तुंबली आणि सुपरवायझरने मस्टर मागवलं. त्याचं बोट आडनावांवरून खाली खाली सरकत गेलं आणि चार ठिकाणी थांबलं. चारही आडनावं आपल्या वस्तीतली.

मी नाही म्हणालो. ठेकेदाराने मला आठ दिवस ब्रेक दिला. म्हणजे गेटवर जायचं आणि परत यायचं. माझा एक दोस्त नाही म्हणू शकला नाही, कारण त्याच्या घरी बायको बाळंत होती. तो कमरेला दोर बांधून उतरला. वर आला तो ओकतच आला. दोन दिवस तापाने फणफणला. दोनशे रुपये जादा मिळाले.

मी युनियनच्या पुढाऱ्याकडे गेलो. माणूस वाईट नाही. रात्री बारा वाजता गेटवर येणारा आहे. तो म्हणाला, 'हा काही क्लासचा प्रश्न नाही रे. तरी बोलतो मॅनेजमेंटशी. दोनशेचे तीनशे करून देतो.'

त्या रविवारी विहारात आपला अभ्यासवर्ग होता. विषय फळ्यावर लिहिला होता: आधुनिक राजकीय विचारप्रणाली. आमच्यातले तिघे कडाकडा भांडले. एकजण लाल बावट्याकडे झुकलाय. तो म्हणाला, वर्ग हाच खरा, बाकी सगळा धूर. दुसऱ्याने कर्ज काढून टेम्पो घेतलाय. तो म्हणाला, बाजाराला जात कळत नाही, पैसा कमवा आणि मोकळे व्हा. तिसरा अलीकडे गावातल्या मोठ्या मंडळाच्या मिरवणुकीत पुढे असतो. तो म्हणाला, आधी देश, आधी धर्म, मग तुमची रडगाणी. दोन तास इझमांची नावं कानावर आदळत होती.

टाकीत उतरलेला तो मागे भिंतीला टेकून बसला होता. वर्ग संपताना त्याने तोंड उघडलं. 'समदं ठीक हाय गड्यांनो. पर तुमच्या त्या इझममदी टाकीत कोण उतरणार, ते सांगा की.'

कुणी बोललं नाही. चहा आला, विषय बदलला.

मी त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलोय. मी दहावीनंतर शाळा सोडली. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. चुकलं तर पुढच्या वर्गात कान धरा. पण त्याच्या प्रश्नावर मूग गिळून बसलात तर मी तुमचे कान धरीन.

१

आधी आपल्यातल्याच एका आजाराबद्दल बोलतो. काही कार्यकर्ते म्हणतात, 'आपल्याला बाकीच्या इझमशी काय करायचंय? जय भीम म्हटलं की झालं.' असं म्हणणारा बाबासाहेबांचा फोटो वाचतो, पुस्तक वाचत नाही. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेब इंग्रज तत्त्ववेत्त्या मिलचा हवाला देतात. पाकिस्तानवरच्या पुस्तकात राष्ट्र म्हणजे काय हे सांगताना फ्रान्सच्या रेनाला साक्षीला बोलावतात. मरणाआधी जेमतेम दोन आठवडे, २० नोव्हेंबर १९५६ ला, काठमांडूत बुद्धाच्या शेजारी मार्क्स ठेवून दोघांना तोलतात. त्यांनी कुठलाच इझम दारातून हाकलला नाही. प्रत्येकाला घरात घेतलं, समोर बसवलं आणि उलटतपासणी केली. आपल्यालाही तेच करायचंय. फरक इतकाच की आपला साक्षीदार टाकीतून वर आलेला माणूस आहे.

२

पहिला उदारमतवाद. हा सगळ्यात सभ्य. इस्त्रीच्या कपड्यातला.

तो काय म्हणतो ते नीट ऐका, कारण त्यात खोटं फार थोडं आहे. माणूस एकटा एकटा मोजायचा, कुळाने-खानदानाने नाही. त्याचे काही हक्क जन्मापासूनचे. राज्य चालतं ते लोकांच्या संमतीने. कायदा सगळ्यांना एकच. सत्ता एका हातात नको, तिचे वाटे करा. बोलायला, लिहायला, पूजायला आणि न पूजायला मोकळीक. आणि मालमत्ता पवित्र. इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९ च्या सुमाराला यातलं पुष्कळसं मांडलं. १७७६ ला अमेरिकेने आणि १७८९ ला फ्रान्सने त्याचे जाहीरनामे काढले.

आता उलटतपासणी. लॉकसाहेब, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत आपले शेअर होते का? होते. कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या मसुद्यात मालकाला काळ्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिली, त्यात आपला हात होता का? होता. अमेरिकेचा जेफरसन, 'सगळी माणसं समान' असं लिहिणारा. त्याने आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. मिलने १८५९ ला स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलं, पण त्याआधी पस्तीस वर्षं त्याने ईस्ट इंडिया कंपनीत चाकरी केली होती. त्याच पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की हे स्वातंत्र्य मागास समाजांना लागू नाही.

कुणी म्हणेल, ही माणसांची पापं झाली, विचाराची नाहीत. ठीक. मग विचाराचंच पाप दाखवतो. १८३३ ला ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला. नुकसानभरपाई ठरली दोन कोटी पौंड. कुणाला? मालकांना! त्यांची 'मालमत्ता' गेली ना. ज्याची पाठ फुटली त्याला छदाम नाही. उलट आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे 'उमेदवारी' कर म्हणाले. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ ला स्वतःचं राज्य उभं केलं. १८२५ ला फ्रान्स लढाऊ जहाजं घेऊन आला आणि पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. म्हणजे सुटलेल्या माणसाने स्वतःची किंमत मालकाला मोजायची. ज्या इझममध्ये माणूस आणि मालमत्ता शेजारी शेजारी पवित्र असतात, तिथे निवाड्याच्या दिवशी मालमत्ता जिंकते. हे त्याचं मूळ दुखणं.

तरी हा इझम फेकू नका. १७ वं कलम अस्पृश्यता गुन्हा ठरवतं. एका माणसाला एक मत आहे. पोलिसाने उचललं तर कोर्टात उभं करावं लागतं. ही हत्यारं याच कारखान्यातली. ज्यांच्या आज्याला पाटलापुढे मान वर करायची चोरी होती त्यांनी व्यक्तीच्या हक्काला हसू नये.

आता माझ्या टेम्पोवाल्या दोस्ताला दोन शब्द. तुझा इझम उदारमतवादाचा धाकटा भाऊ. हायेकने १९४४ ला पुस्तक लिहून त्याला बळ दिलं, १९७९ ला थॅचरबाईंनी त्याला इंग्लंडच्या गादीवर बसवलं, १९९१ ला तो आपल्याकडे राहायला आला. तो म्हणतो, सरकारने हात काढून घ्यावा, बाजार सगळं सरळ करील. गड्या, तुला टेम्पो मिळाला याचा मला आनंद आहे. तुझ्या पोरांनी दहा टेम्पो घ्यावेत. पण बाजाराला जात कळत नाही म्हणतोस? मग ठेकेदार कोण आहे? तोच तर बाजार! त्याने टाकीचा भाव काढला दोनशे रुपये आणि त्या भावाचं गिऱ्हाईक शोधायला आडनावं वाचली. कायम नोकरीची ठेकेदारी झाली की राखीव जागा आपोआप पुसल्या जातात, कुणाला आरक्षणाविरुद्ध बोलायचीही गरज पडत नाही. आणि 'नको तर नको म्हण' हे जे तुझं स्वातंत्र्य आहे ते मी वापरलं. त्याची किंमत आठ दिवसांचा पगार. माझी बायको बाळंत नव्हती म्हणून मला ते परवडलं. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलंय. भुकेला आणि बेकार माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्क स्वतःच्या हाताने सोडून देतो. राज्य मागे सरलं म्हणजे स्वातंत्र्य आलं असं होत नाही. तिथे मालकाचं राज्य सुरू होतं.

३

दुसरा परंपरावाद. याच्यावर जास्त शाई घालवत नाही, कारण आपण त्याच्या पोटातूनच बाहेर आलोय.

१७९० ला एडमंड बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की समाज हा मेलेल्यांचा, जिवंतांचा आणि अजून न जन्मलेल्यांचा मिळून करार आहे. जुन्या रूढीत पिढ्यांचं शहाणपण साठलेलं असतं. एका पिढीच्या अक्कलेवर सगळं उलथून टाकू नका. बदल करा पण हळू, दुरुस्ती म्हणून. उतरंड ही निसर्गाची, तिला हात लावाल तर रक्त सांडेल.

बर्क मूर्ख नव्हता. कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जवर त्याने खटला चालवला. क्रांतीचा शेवट एखाद्या सेनापतीच्या हुकमतीत होईल हे त्याचं भाकीत खरं निघालं. पण त्याला आपला सवाल विचारा: साहेब, त्या करारावर आमच्या मेलेल्यांची सही आहे का? मडकं आणि झाडू बांधून फिरवलेल्या पणज्याने कुठल्या कागदावर अंगठा उठवला होता? आपल्याकडचे बर्क १८९१ ला काय करत होते? बारा वर्षांच्या आतल्या पोरीशी संबंध हा गुन्हा ठरवणारा कायदा आला, तेव्हा टिळकांसारखा लोकमान्य माणूस 'परक्या सरकारने आमच्या चालीत ढवळाढवळ करू नये' म्हणून विरोधात उभा राहिला. 'हळू, हळू' हा शब्द नेहमी वरच्या माडीवरून येतो. टाकीत दम कोंडलेला माणूस 'हळू ओढा' म्हणत नाही.

४

तिसरा समाजवाद, साम्यवाद. इथे मात्र बसून बोलायला पाहिजे. हा घरातला भांडणाचा विषय आहे.

तत्त्व असं: इतिहास पुढे जातो तो वर्गांच्या झगड्याने. उत्पादनाची साधनं ज्याच्या हातात त्याच्या हातात सत्ता. कामगार दिवसभरात स्वतःच्या पगाराइतकं उत्पन्न करून थांबत नाही, त्याच्या वर करतो, आणि ते वरचं मालक गिळतो. नफा म्हणतात तो हाच. तेव्हा साधनं समाजाच्या मालकीची करा, वर्ग मोडा. १८४८ ला मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा आला, १८६७ ला भांडवलावरच्या ग्रंथाचा पहिला खंड. मी तो सगळा वाचलेला नाही. पण कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाचलं तेव्हा वाटलं, हा दाढीवाला आमच्या रातपाळीला येऊन गेलेला दिसतो.

या इझमचं देणं मोठं आहे. आठ तासांचा दिवस, बोनस, संपाचा हक्क. आपल्याकडे त्याच्याही आधी एक फुल्यांचा माणूस होता हे विसरू नका. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक. १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्याच्या चळवळीने. आज रविवारी अभ्यासवर्ग भरवतो तो त्याच्या जिवावर.

आता उलटतपासणी. मार्क्सने १८५३ ला अमेरिकेतल्या पेपरात हिंदुस्थानावर लिहिलं. त्यात भाकीत केलं की आगगाडी येईल, तिच्यामागे कारखाने येतील आणि जातीचा पाया असलेली वंशपरंपरेची कामाची वाटणी विरघळून जाईल. त्याच वर्षी एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. पुढे काय झालं? फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे हिशेबच मांडला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तर घरकामाला लावतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. आगगाडीने जात विरघळवली नाही. जातीने तिकीट काढलं आणि गाडीत बसली.

गिरणीत तेच. माझा पणजा मुंबईत रिंग खात्यात होता. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्याला मज्जाव. का? कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? दोघांचा मालक एक, भोंगा एक, चाळीतला ढेकूण एक. पण थुंकी वेगळी! १९२८ चा मोठा संप झाला, सहा महिने चालला. पुढाऱ्यांच्या मागण्यांत विणाई खात्याचा विषय नव्हता. बाबासाहेबांनी नेट लावला, नाही तर आमची माणसं संपात राहणार नाहीत म्हणाले, तेव्हा कुठे नाइलाजाने तो घालण्यात आला.

आता बघा. पणजा रिंग खात्यात. आजा रिंग खात्यात. तो १९८२ च्या संपात देशोधडीला लागला आणि गावी परत आला. त्याच्या गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत आहे, तिचा वॉचमन त्याला आत सोडत नव्हता. बाप गवंड्याच्या हाताखाली. आणि मी पुन्हा रिंगवर, तेही ठेक्यावर. चार पिढ्या. याला वर्ग म्हणायचं तर म्हणा. पण वर्गातून माणूस कधीमधी वर सरकतो किंवा खाली घसरतो. आम्ही टाकीपाशी एकाच जागी उभे आहोत.

बाबासाहेबांनी १९३६ लाच समजावून सांगितलं होतं. जात नुसतं काम वाटून देत नाही, ती कामगारच वाटून टाकते, एकावर एक रचून ठेवते. हे ज्याला कळलं नाही त्याने कितीही वेळा 'जगातल्या कामगारांनो' म्हटलं तरी त्याच्या कामगारांत पायऱ्या राहणारच.

लाल दोस्ता, मी तुझ्या विरोधात नाही. मनमाडला बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तू एक विसरतोस. आपल्यातले पुष्कळ जण दुसरा विसरतात. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क हिरावणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. म्हणजे हे होऊ शकतं. पँथर १९७२ ला उभी राहिली आणि १९७४ ला फुटली, 'बुद्ध की मार्क्स' या वादावर. फायदा कुणाचा झाला ते सांगायला नको.

पण एक गाठ पक्की बांधून ठेव. १९१७ च्या क्रांतीला ज्या क्रॉनस्टाटच्या खलाशांनी बळ दिलं, त्यांनाच १९२१ ला त्याच क्रांतीच्या सरकारने गोळ्या घातल्या, कारण त्यांनी मोकळ्या निवडणुका मागितल्या. बाबासाहेबांना मार्क्सचं ध्येय मान्य होतं. हुकूमशाहीचा रस्ता मान्य नव्हता. भाकरी मिळावी म्हणून जीभ कापून द्यायची नाही. आपली जीभ आत्ता कुठे सुटलीय.

अराजकवाद्यांचं दोन ओळींत. प्रुधाँ, बाकुनिन म्हणाले, मालक आणि राज्य दोन्ही मोडा, लोक आपापल्या गावात सहकाराने राहतील. बाकुनिनने मार्क्सला सांगितलं होतं की तुझं कामगारांचं राज्य कामगारांच्याच मानेवर बसेल. १८७२ ला त्याला इंटरनॅशनलमधून काढला. भाकीत खरं निघालं. पण 'गावावर सोपवा' म्हणता? आमचं गाव तुम्ही पाहिलेलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी त्या गावाचं खरं रूप सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. राज्य गेलं तर पाटील उरतो.

५

आता मिरवणुकीतला दोस्त. तुझ्यावर राग नाही, काळजी आहे.

राष्ट्रवादाचं तत्त्व साधं: ज्या लोकांना आपण एक आहोत असं वाटतं, त्यांनी स्वतःवर स्वतः राज्य करावं. यात गैर काय? काही नाही. रेनाने १८८२ ला सांगितलं की वंश, भाषा, धर्म यांनी राष्ट्र होत नाही, एकत्र राहायच्या इच्छेने होतं. बाबासाहेबांचा सवाल तिथूनच निघतो. हजारो जातींत फाटलेले लोक एक राष्ट्र कसे होतील? आधी एकत्र राहायची इच्छा दाखवा की! पाणवठ्यावर दाखवा, लग्नात दाखवा, टाकीपाशी दाखवा.

पण तुझ्या मंडळात हल्ली जे बोललं जातं तो नुसता राष्ट्रवाद नाही. मुसोलिनी १९१४ पर्यंत समाजवाद्यांचा पेपर चालवायचा. १९२२ ला तो सत्तेवर आला आणि १९३२ ला त्याच्या नावाने फॅसिझमचं तत्त्वज्ञान छापून आलं. त्याचं सार असं: राज्याच्या बाहेर काही नाही, राज्याच्या विरुद्ध काही नाही. समता हे थोतांड. नेता चुकत नाही. एक शत्रू समोर ठेवा आणि सगळ्यांना रांगेत उभं करा. कामगार म्हणून हिटलरची एक तारीख तू पाठ कर. १९३३ ला त्याने १ मेची सुट्टी दिली, भरपगारी, मोठी मिरवणूक काढली. २ मेला कामगार संघटनांच्या ऑफिसांवर धाडी घातल्या आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. मिरवणूक आणि बेडी यांच्यात एक रात्र होती.

आणि दुसरी तारीख. सप्टेंबर १९३५. न्यूरेंबर्गचे कायदे. ज्यू आणि जर्मन यांच्यात लग्नाला बंदी. जग हादरलं, हादरायलाच पाहिजे. पण आपल्या बाबासाहेबांनी १९१६ लाच न्यूयॉर्कच्या कोलंबियात निबंध वाचून सांगितलं होतं की जातीची किल्ली म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हिटलरला त्यासाठी कायदा करावा लागला, पोलीस लागले. इथे कायदा उलट बाजूने उभा असतानाही आईबाप पोरीचा गळा दाबतात.

तुला मिरवणुकीत पुढे नाचवतात. झेंडा देतात, दगडही देतात. मंडळाच्या कार्यकारिणीत तू कोण आहेस? मिरवणूक संपल्यावर रस्ता कोण झाडतो? तेवढं बघून ये, मग भांडू.

६

स्त्रीवाद राहिला. फळ्यावर तो सगळ्यात शेवटी लिहिला होता, कोपऱ्यात. तो कोपराच सगळं सांगतो.

१७९१ ला फ्रान्सच्या ओलँप द गूजने विचारलं, तुमच्या जाहीरनाम्यातल्या माणसात बाई धरलीय का? १७९३ ला तिचं मुंडकं उडवलं. आपल्याकडे १८५५ ला सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता, चौदा वर्षांची मांगाची पोर, ज्ञानोदयात निबंध लिहिते. आमचा धर्म कोणता ते तरी सांगा, असा तिचा सवाल. आणि आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, याचा लेखाजोखा. १८८२ ला ताराबाई शिंद्यांनी पुरुषांची सालटी काढली. १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यातलं मोठं कारण हिंदू कोड बिल. तत्त्व एकच: जे घराच्या आत चालतं तेही राजकारण आहे.

आता स्वतःकडे या. अभ्यासवर्गाला त्या दिवशी एकवीस पोरं होती. पोरी दोन. त्या दोघींनी चहा केला आणि कप धुतले. आपण 'समता' या विषयावर बोलत होतो. घरी बहिणीने जातीबाहेर कुणी पसंत केला की आपल्यातला क्रांतिकारक एकदम पाटील होतो. आईच्या बोटांच्या भेगा आपल्याला कवितेत चालतात, मोरीत दिसत नाहीत. दोस्तहो, घराघरात एक टाकी आहे. तिच्यात रोज कोण उतरतं?

७

मग उत्तर काय? कुठला इझम घ्यायचा?

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द घेतले आणि बजावलं की हे मी फ्रान्सकडून उचललेले नाहीत, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलेत. २५ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनी सांगितलं की हे तीन सुटे करता येत नाहीत. नुसतं स्वातंत्र्य दिलं तर मूठभर लोक बाकीच्यांच्या डोक्यावर बसतील. उदारमतवादाचं तेच झालं. नुसती समता आणली तर माणसाची उमेद मरते. क्रॉनस्टाटला तेच झालं. आणि बंधुता नसेल तर बाकीच्या दोन्ही गोष्टी पोलिसांच्या काठीनेच टिकवाव्या लागतील. मंडळवाल्यांची बंधुता आहे, पण ती शत्रू दाखवल्याशिवाय उभी राहत नाही. तिच्यात स्वातंत्र्य नाही, समता तर नाहीच.

आणि ते नुसते शब्द ठेवून गेले नाहीत. १९४७ च्या मसुद्यात त्यांनी आराखडा दिलाय. मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे. विमा राज्याचा. शेती राज्याचा उद्योग, जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक कसायला. आणि हे सगळं संविधानातच लिहा, म्हणजे उद्याचं बहुमत ते पुसू शकणार नाही, आणि हुकूमशहाची गरजही पडणार नाही. मार्क्सचं पोट आणि लॉकची जीभ एका अंगात बसवायची ही खटपट होती. संविधानात तो आराखडा आला नाही. म्हणून आपल्याकडे मत आहे आणि टाकीही आहे.

आता दोस्ताच्या सवालाला सरळ उत्तर देतो.

टाकीत कुणीच उतरणार नाही. हे उत्तर. जो इझम हे उत्तर देतो तो आपला, नाव काहीही असो. पण ते घडायला काय काय लागतं ते मोजा. कायदा लागतो. तो आहे. १९९३ ला झाला, २०१३ ला पुन्हा झाला. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ ला तीस लाख. मेल्यावरची किंमत वाढली. उतरवणं थांबलं नाही. मशीन लागतं. ते बाजारात मिळतं, पण आमचं आडनाव त्याहून स्वस्त पडतं. तेव्हा ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्यावर राज्याचा धाक लागतो. युनियन लागते, पण दोनशेचे तीनशे करणारी नको. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड गोष्ट लागते. मस्टरावरचं बोट माझ्या आडनावावर थांबेल तेव्हा बाजूच्या फ्रेमवरचा मराठा, माळी, पद्मशाली, मुसलमान कामगार फ्रेम बंद करील आणि म्हणेल, 'मग कुणीच उतरणार नाय.' ती बंधुता. ती कुठल्या सरकारला छापून देता येत नाही. ती फ्रेमवर, नळावर, लग्नात, रोज थोडी थोडी घडवावी लागते. हे काम आपलं, आणि त्यांचंही.

ब्रेक संपल्यावर आम्ही एक अर्ज लिहिला. टाकीसाठी मशीन मागवा, माणूस उतरवाल तर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करू, आणि युनियनने ही मागणी यादीत पहिली घालावी. जादा पैसे नकोत. पहिली सही टाकीत उतरलेल्या दोस्ताने केली. हात थरथरत होता. एकूण तेरा सह्या झाल्या. नऊ आपल्या. चार इतरांच्या. त्या चारांतली एक त्या युनियनच्या पुढाऱ्याची. तो सही करताना माझ्याकडे बघत नव्हता, पण त्याने केली.

अर्ज अजून वर पडलाय. उद्या आम्हा तेरा जणांना गेटवर अडवतील की काय, माहीत नाही.

तुमच्या कारखान्यात, कॉलेजात, नगरपालिकेत अशी टाकी असेलच. इझम शिका, सगळे शिका, घोकून नका, भांडून शिका. आणि जो कुणी फळ्यासमोर उभा राहील त्याला मागच्या भिंतीपासून तो एक सवाल विचारा. कप मात्र या वेळी तुम्ही धुवा.

जय भीम.